तापलेली नजर

त्या परदेशी बाईने माझ्या मांडीवरच्या दामियानकडे बघून हात जोडले, गालावर टेकवले, काहीतरी लाडाचं बोलली. पायऱ्या चढून ती उकडलेल्या कोळंबीसारखी लाल झाली होती. आम्ही पडक्या देवळाच्या सावलीत बसलो होतो. माझा नवरा वेन्से इथल्या किनाऱ्यावरच्या हॉटेलात कामाला. वर्षातून एकदा नोकरांच्या घरच्यांना सहल मिळते. सकाळी देवळं, दुपारी समुद्र. वेन्से पुढे खाली समुद्रावर गेला होता.

"मिरेया, तिची नजर तापलीये," सासूबाई पुटपुटल्या. "बाळ दे तिच्याकडे."

आमच्यात तसंच करतात. उन्हातून आलेल्याने तान्ह्याचं कौतुक केलं, की त्यानेच त्याला घटकाभर घ्यायचं. नाहीतर बाळाला बाधतं, जुलाब होतात.

"आई, मी कॉलेजात जीवशास्त्र शिकलेय."

"शिकलीस ना? मग शेजारच्या पोराला हिरवे जुलाब का झाले, ते सांग."

मी आठ महिन्यांचं पोर अनोळखी बाईच्या हातात दिलं. तिला आमची भाषा येत नव्हती. तिने त्याला छातीशी धरलं. तेवढ्यात उठताना सासूबाईंचा पाय घसरला. मी त्यांना सावरलं, गुडघा पाहिला. मधून पर्यटकांचा एक घोळका गेला. तो सरला तेव्हा बाईही नव्हती आणि दामियानही.

मी देवळामागे पाहिलं, झुडपांत पाहिलं. कड्याशी गेले. खाली लाटा फुटत होत्या. वाकायला धीर होईना, तरी वाकले.

"लाल बाई, टोपीवाली. माझं बाळ आहे तिच्याजवळ," मी पहारेकऱ्याला म्हटलं.

"ताई, इथे सगळ्याच लाल आणि सगळ्याच टोपीवाल्या." मग त्याने माझा चेहरा नीट पाहिला. "फाटकाकडे पळा. बसगाड्या तिथून सुटतात."

एक बस सुटतच होती. मी दारावर थापा मारून ती थांबवली, एकेक बाक पाहिला. नाही. खाली उतरले तेव्हा तिकीट खिडकीपाशी ती उभी दिसली. दामियान तिच्या खांद्यावर झोपला होता. ती रडत होती.

मी हात पुढे केले. ती मागे सरकली.

"थांबा," तिकिटं देणारी मुलगी म्हणाली. "या म्हणतात, कुणा बाईने पोर हातात दिलं आणि पाठ फिरवली. टाकून दिलंय, असं त्यांना वाटतंय. पोलीस येतायत."

"मीच दिलं. त्यांची नजर तापलेली होती, म्हणून."

"नजर? मी राजधानीतली आहे, मला यातलं कळत नाही. काही कागद, फोटो?"

फोनसुद्धा वेन्सेच्या पिशवीत होता. "त्याचं नाव दामियान आहे," मी म्हटलं.

"नाव कुणीही सांगेल."

मी बोलत राहिले; काय, ते आठवत नाही. माझ्या आवाजाने तो जागा झाला आणि भुकेने रडू लागला. मला पान्हा फुटला, ब्लाउजवर दोन ओले डाग पसरत गेले. बाई त्या डागांकडे बघत राहिली. मग तिचे हात सैल झाले.

मी तिथेच फरशीवर बसून त्याला पाजायला घेतलं. लंगडत आलेल्या सासूबाईंनी त्याचं डोकं धरलं.