पिठल्या भुंकत नाही

बडनेरा रोडवरच्या बंद तेलघाण्यामागच्या शेडमध्ये आता एकटा पिठल्याच उरला होता. जखमी कुत्री आणायची, बरी करायची आणि चांगलं घर पाहून द्यायची, हा मोनालीचा उद्योग. फुलं विकून उरेल त्या वेळात चाललेला. पण ती जागा विकली गेली आणि उद्या सकाळी तिथं जेसीबी येणार होता. पिल्लं लोकांनी हसत हसत नेली. पिठल्याला कोण नेणार? पाच-सहा वर्षांचा, पिवळट, पाठीवर केस नसलेला मोठा चट्टा. कुणीतरी बिस्कीट दाखवून जवळ बोलावलं होतं आणि अंगावर कढत तेल ओतलं होतं. तरी त्याची माणसांवरची माया आटली नाही. हाक मारील त्याच्याकडे जायचं, एवढंच त्याला ठाऊक. म्हणूनच त्याला रस्त्यावर सोडायला मोनालीचा जीव धजत नव्हता. घरी न्यावं तर एका खोलीत चौघं, त्यात वडलांना दमा.

अकोल्याच्या जुन्या शहरातले केशवराव फोनवर हो म्हणाले होते. शेजारच्या गोवर्धनच्या झेंडूच्या गाडीत बसवून ती पिठल्याला घेऊन गेली. केशवरावांना गोदामावर राखण हवी होती. पिठल्या उतरला तो थेट त्यांच्या पायांवर लोळला.

"हे तं चोराले वाट दाखवीन," केशवराव म्हणाले आणि आत निघून गेले.

परतीच्या वाटेवर मोनाली एकेकाला फोन लावत राहिली. बरेच जण उचलत नव्हते. जे उचलत, ते विचारत, पिल्लू आहे का? मूर्तिजापूरजवळ गोवर्धननं गाडी आडवाटेला घातली. "माह्या वळखीचे खुशालराव हायेत. वावरातच रायतात. हरभऱ्यात डुकरं शिरतात त्यायच्या."

खुशालरावांनी पिठल्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "भुकते का?"

पिठल्याचं भुंकणं मोनालीनं कधी ऐकलंच नव्हतं. "भुकते. रात्री लय भुकते," ती म्हणाली. गोवर्धन दुसरीकडे पाहू लागला.

दुसऱ्या दिवशी शेडचे पत्रे निघत असतानाच खुशालरावांचा फोन आला. "डुकरायनं वाफे उखरले. तुमचं कुत्रं शेपूट हालवत पायत बसलं. घेऊन जा, नाईतं हायवेवर सोडून देतो."

एसटीत तिला बसायला जागा मिळाली, पण उतरून पुढं काय, याचं उत्तर मिळेना. पिठल्याला घेऊन ती कुठं जाणार होती? जनावरांच्या डॉक्टरकडे एक सुई असते, ती टोचली की सगळं संपतं, हेही तिच्या मनात येऊन गेलं. मग तिला स्वतःचीच भीती वाटली आणि ती खिडकीकडे तोंड करून रडली.

वावरातल्या घरापुढं खुशालरावांची बायको गंगूबाई बसली होती. पिठल्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि ती त्याच्या चट्ट्याला करंजाचं तेल लावत होती. साखळी बाजूला पडली होती.

"मी खोटं बोलली काकू," मोनाली म्हणाली. "तो भुकत नाही. मी त्याले न्यायले आली."

"कुठं नेशीन?"

मोनाली पिठल्याशेजारी खाली बसली.

खुशालराव विहिरीकडून आले. "नेऊ दे तिले. जे भुकत नाई ते काय कामाचं?"

गंगूबाईनं तेलाची वाटी खाली ठेवली. "भुकाले तुमी हायेत ना घरात. दिवसभर तेच आयकतो मी. हा गुमान जवळ बसते. राहू द्या."

खुशालराव साखळी उचलून गोठ्यात टांगून आले.

मोनालीनं गंगूबाईचे पाय धरले. "मी दर आठवड्याले याले पाह्यले येत जाईन."

"नको येऊ," गंगूबाई म्हणाली. आवाज कठोर नव्हता. "चार-सहा महिने तरी नको. तू दिसली का तो तुह्याच मागं निघीन. मंग इथचा कवा होईन?"

ते खरं होतं. तिनं पिठल्याच्या कानामागं खाजवलं आणि निघाली. तो उठू लागला तसं गंगूबाईनं त्याला पोटाशी धरलं. सडकेवर एसटी लवकर येईना. तो पाहील म्हणून मोनाली बाभळीच्या आडोशाला जाऊन उभी राहिली.