हातभर पुढं

सुभेदार आनंदरावांनी आंबवड्याच्या हायस्कुलातल्या पोरांसाठी बंदुकीचा क्लब काढला, तेव्हा गावाला वाटलं, बायको गेल्यापासून माणसाचं डोकं फिरलं. ते अगदीच चूक नव्हतं. साळूबाई जाऊन वर्ष झालं होतं आणि आनंदरावांना घर खायला उठत होतं. सकाळी चहा टाकायला जावं तर भांड्यात पाणी दोघांचं पडायचं. मग उरलेला चहा प्यायला कुणीतरी हवं, म्हणून ते ओट्यावर बसून जाणाऱ्यायेणाऱ्याला हाक मारायचे. चहाबरोबर पलटणीच्या गोष्टीही ऐकाव्या लागायच्या. महिनाभरात लोकांनी जायचा रस्ता बदलला.

अशात पलटणीतला जुना दोस्त मानसिंग भेटायला आला. तो आता पुण्यातल्या एका नेमबाजी क्लबाचा सेक्रेटरी होता. दोघांचा चहा त्यानंच संपवला आणि म्हणाला, "लेका आनंदराव, असा बसलास तर पावसाळ्यात तुझ्यावर शेवाळ धरंल. गावातल्या पोरांना थाळी मारायला शिकव."

थाळी म्हणजे तळहाताएवढी मातीची चकती. खड्ड्यात बसवलेलं यंत्र ती भिरकावतं. ती कधी डावीकडं पळते, कधी उजवीकडं, कधी नाकासमोर, आणि खाली पडायच्या आत तिला छऱ्याच्या बंदुकीनं फोडायची. या खेळाला ट्रॅप म्हणतात. आनंदराव पलटणीकडून तो खेळले होते आणि बरे खेळले होते.

हायस्कुलाच्या मुख्याध्यापिका राजनंदिनीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "सुभेदार, बंदूक शाळेत येणार नाही ना?"

"शाळेत पोरं वह्यासुद्धा आणत न्हाईत बाई, बंदूक कुठली येती?"

बंदुका क्लबाच्या, परवाना क्लबाचा. शनिवारी क्लबाची जीप बंदुका घेऊन येणार आणि संध्याकाळी घेऊन जाणार. जागा गावामागची बंद पडलेली दगडाची खाण. तिच्या तिन्ही बाजूंना कातळ, त्यामुळं छर्रा बाहेर जायची भीती नव्हती. आईबापांची संमती घ्यायला आनंदराव घरोघर हिंडले. एकजण म्हणाला, "सुभेदार, माझं पोरगं यातनं पोलीस होणार का दरोडेखोर?" आनंदराव म्हणाले, "पोलीस झालं तर तुझी धरलेली मोटारसायकल सोडवंल. दरोडेखोर झालं तर पळवून आणंल. तुझा फायदाच हाय."

मानसिंगची मात्र एक अट होती. "संघ पाचाचा असतो. पाच पोरं टिकली तर जीप येत राहील. चार झाली की बंद. एवढा घाटरस्ता तुझा चहा प्यायला कोण तुडवणार?"

पाच पोरं जमली. पण थाळ्यांचं जमेना. शहरातून आलेल्या थाळ्यांपैकी निम्म्या रस्त्यातच फुटल्या, रस्ताच तसा होता. म्हणून आनंदरावांनी गावच्या चिमाजी कुंभाराला नमुना दिला. चिमाजीनं हौसेनं टोपलीभर थाळ्या करून आणल्या आणि आपला माल बघायला खाणीतच थांबला. दहावीतल्या इंद्रजितनं बार काढला. छर्रा थाळीला लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. थाळी जरा हलली, तशीच पुढं गेली, कातळावर आपटली आणि घरंगळत परत आली. तिला साधी चीर नव्हती.

चिमाजीनं ती उचलून फुंकर मारून धूळ उडवली. "आपली भट्टी हाय," तो मिशीवर हात फिरवत म्हणाला.

"चिमाजी, आरं ती फुटाय पायजे."

"फुटणारा माल इकला तर गिऱ्हाईक परत येईल का?"

"हे गिऱ्हाईक फुटली तरच परत येणार हाय."

चिमाजी रुसून घरी गेला. पण पुढच्या आठवड्यात त्यानं अर्धवट भाजलेल्या थाळ्या गवतात गुंडाळून आणल्या, त्याही अंधार पडल्यावर, कुणी बघू नये म्हणून. "आमचा बाप असता तर त्यानं मला चाकावर बसू दिलं नसतं," तो म्हणाला. त्या थाळ्या मात्र अशा फुटायच्या की लाल धुरळा उडायचा. मग काय, चार पोरांचा हात बसत गेला. इंद्रजित तर आपण जन्मतःच नेमबाज असल्यासारखा चालायला लागला.

राहिली पाचवी. प्रांजल. नववीत होती. वरच्या धारेवरच्या धनगरवाड्यातून रोज डोंगर उतरून शाळेत यायची. अंगानं काटक, नजर घारीसारखी. खाणीच्या कड्यावर बसलेला सरडा ती खालून दाखवायची. पण थाळी म्हणाल तर एक फुटायची नाही.

आनंदरावांचा मंत्र एकच होता, "पुढं मारा." थाळी पळती असते. दिसते तिथं मारलं तर छर्रा पोचेपर्यंत ती निघून गेलेली असते. नवं पोर नेहमी मागं चुकतं. म्हणून ते प्रांजललाही तेच सांगत राहिले, "पुढं मार पोरी. आणखी पुढं." ती मान हलवायची, "सोड" म्हणून आवाज द्यायची, बार काढायची, आणि थाळी सुखरूप जाऊन गवतात पडायची. इंद्रजित म्हणायचा, "सर, ती थाळीला वाट दाखवती."

आनंदरावांनी तिचा डोळा तपासला. बंदूक जड होत असेल म्हणून खांद्याला उशी दिली. हलकी बंदूक मागवून बघितली. काही उपयोग झाला नाही. एका शनिवारी ते तिच्या पाठीमागं उभे राहिले, तर त्यांना दिसलं की छर्ऱ्याची धूळ समोरच्या कातळावर थाळीच्या पुढंच उडते आहे. दुसऱ्या बाराला पुढं. तिसऱ्याला तेवढीच पुढं. त्यांनी डोकं खाजवलं. पुढं चुकणारं पोर त्यांनी आजवर बघितलं नव्हतं.

त्या दिवशी चहाच्या सुट्टीत प्रांजल बाजूला गप्प बसली होती. तिला हसवावं म्हणून आनंदरावांनी घरची गोष्ट काढली. "तुझा नेम काहीच वाईट न्हाई गं. आमच्या घरात याहून वाईट होता. मी सुट्टीवर आलो, आन् पत्ते कुटायला निघालो, की आमची साळूबाई चुलीपासनं हाताला येईल ते फेकायची. पळी, उलथनं, तांब्या. माझ्या आख्ख्या संसारात एकदा लागलं न्हाई. पलटणीत मी सांगायचो, आमच्या बायकोला म्हस दिली समोर तर म्हस बी चुकंल."

पोरं हसली. इंद्रजितच्या नाकातून चहा आला.

"मग तुमी जायचा का पत्त्याला?" प्रांजलनं विचारलं.

"कसला जातोय. एवढं पुढ्यात वाजल्यावर माणूस माघारीच वळतो. उंबऱ्यापलीकडची फरशी बघ जाऊन, सगळे टवके उडालेत. आता शहरातला पोरगा म्हणतो बदला. सावळा गवंडी यायचाय."

"दरवेळी उंबऱ्यापलीकडं?"

"दरवेळी."

प्रांजलनं त्यांच्याकडं जरा वेळ बघितलं. काहीतरी बोलेल असं वाटलं, पण ती उठली आणि कप विसळायला गेली.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. इंद्रजितजवळ निरोप होता, "मला जमत न्हाई. उगं तुमच्या थाळ्या वाया." जीपवाल्यानं चार पोरं मोजली आणि जाताना म्हणाला, "पुढच्या खेपेला मानसिंगसाहेब स्वतः येणार हायेत, सुभेदार. बघायला."

त्या रात्री आनंदरावांना जेवण गेलं नाही. क्लब बंद झाला तर काय, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. शनिवारची वाट बघायची सवय झाली होती. ती मोडली की परत ओटा, आणि दोघांचा चहा.

म्हणून एका सकाळी काठी घेऊन ते धनगरवाड्याला निघाले. चढ असा की पलटणीची आठवण व्हावी. वर पोचले तेव्हा प्रांजलचा आजा रखमाजी दगडावर बसून घायपाताची दोरी वळत होता. त्यानं घोंगडी झटकून पसरली.

"या सुभेदार. दम खावा. पोरगी हितंच हाय, शेरडांमागं. न्हाई म्हणती यायला. म्या सांगून बघितलं."

समोरच्या उतारावर शेरडं चरत होती. एक दाढीवाला बोकड कळप सोडून खालच्या नाचणीकडं निघाला आणि चार शेरडं त्याच्यामागं लागली. प्रांजलनं कमरेची गोफण सोडली, दगड घातला, डोक्यावर एक फेर दिला. फट असा आवाज झाला. दगड बोकडाच्या नाकापुढं हातभर जमिनीवर बसला. बोकडानं मान झटकली आणि तो निमूट माघारी वळला. मागची चारही वळली.

"वा," आनंदराव म्हणाले. मग त्यांना काहीतरी टोचलं. "रखमाजीबाबा, त्याला लागला असता तर?"

"लागतोय कसा?" रखमाजी म्हणाला. "जनावर वळवायचं असतं, मारायचं नसतं. आमच्यात ज्याचा दगड शेरडाला लागला त्याला त्या सांजंला भाकर न्हाई. मला माझ्या बापानं उपाशी निजवलाय. हिला बी एकदा निजवलीय. तवापासनं न्हाई लागला. नाकाफुडं हातभर. हातभर म्हंजे हातभर."

आनंदराव बोकडाकडं बघत होते, पण त्यांना दिसत होता आपल्या घराचा उंबरा. साळूबाईचं माहेर वेल्ह्याकडच्या वाडीतलं. लग्नाआधी ती शेरडं राखायची, हे त्यांना माहीत होतं. ते कधी डोक्यात आलं नव्हतं एवढंच.

प्रांजल जवळ येऊन उभी राहिली होती. "साळूमावशी शेरडं राखायच्या ना?" तिनं विचारलं.

"व्हय. तुला कसं कळलं?"

"तुमी सांगितलं तवाच. दरवेळी तिथंच पडतंय म्हनल्यावर तो नेम चुकल्याला न्हाई."

"मग बोलली का न्हाईस?"

"सगळी हसत होती. तुमी बी."

रखमाजीनं तांब्याभर पाणी आणून दिलं. आनंदराव ते सावकाश प्याले, तोंडावरूनही हात फिरवला.

"म्हणजे त्या थाळीला तू शेरडू समजतीस?"

"म्या न्हाई समजत, सर. हात समजतो."

"आन् वरनं मी पुढं मार, पुढं मार म्हणून डोकं खातोय." त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "बरं, करडू उचलायला कोल्हा आला, तर त्याच्या बी नाकाफुडं दगड टाकतीस?"

प्रांजल पहिल्यांदा हसली. "कोल्ह्याला का वाट दाखवायचीय? त्याला सरळ नाकाडावर."

"मग झालं. शनिवारी मी थाळी सोडतच न्हाई. कोल्हा सोडतो. येतीस?"

तिनं आज्याकडं बघितलं. रखमाजी दोरी वळत म्हणाला, "जा. बघू तरी कोल्हं कितपत फुटत्यात."

शनिवारी मानसिंग गॉगल लावून खाणीत खुर्ची टाकून बसला. आधी चौघांनी बऱ्या थाळ्या फोडल्या. मग प्रांजल उभी राहिली. बंदूक खांद्याला लावून ती ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली आणि म्हणाली, "सोड."

पहिली थाळी गेली ती गेलीच. छर्रा पुढं. हाताची सवय एका दिवसात कुठली जाते? आनंदरावांनी मागून हळूच म्हटलं, "करडू नेतोय बघ." दुसऱ्या थाळीची कड उडाली. तिसरीचा धुरळा झाला. पाठीमागं टोपलीजवळ उभा असलेला चिमाजी समाधानानं म्हणाला, "मस्त कच्ची भाजली होती."

तिनं पुढच्या सगळ्या फोडल्या असं सांगितलं तर ती थाप होईल. काही गेल्या. पण फुटल्या त्या जास्त होत्या, आणि शेवटी शेवटी इंद्रजितनं तोंड मिटलं होतं. मानसिंगनं गॉगल काढला.

"आनंदराव, पोरीला असं काय सांगितलंस?"

"काय न्हाई. उलट, सांगायचं बंद केलं."

"जीप चालू राहील," मानसिंग म्हणाला. "आन् एक काम हाय. गुंजवण्याकडच्या शाळेचा फोन आला होता. त्यांना बी काढायचाय क्लब. शिकवणारा पायजे. धरणाच्या अंगाला जागा हाय म्हणं. जाशील?"

"चहा देत्यात का?"

"विचारतो."

पुढच्या आठवड्यात सावळा गवंडी फरशी बदलायला आला. त्यानं ओटा बघितला, सोपा बघितला आणि उंबऱ्यापलीकडच्या फरशीजवळ उकिडवा बसला. टवके सगळे एकाच जागी होते, ताटलीएवढ्या गोलात. आजूबाजूची फरशी साफ होती.

"ही आधी काढतो," सावळा म्हणाला. "लई खराब झालीय."

"ती सोडून बाकीच्या काढ."

"मधीच एक जुनी? वंगाळ दिसंल सुभेदार."

"दिसू दे."

सावळ्यानं खांदे उडवले आणि तो कामाला लागला. आनंदरावांनी चहा टाकला. पाणी दोघांचंच पडलं, पण आज सावळा होता. मग त्यांनी टोपी घातली, चिमाजीच्या थाळ्यांची टोपली उचलली. बाहेर गुंजवण्याला जाणारा टेम्पो हॉर्न वाजवत होता.

उंबऱ्यापाशी त्यांचा पाय सवयीनं थबकला. क्षणभर ते तसेच उभे राहिले. पुढं काही वाजलं नाही.

म्हणजे जायला तिची हरकत नव्हती. त्यांनी फरशी ओलांडली आणि टेम्पोकडं निघाले.