तिला कोणी शिकवलं

माझी बायको होसियत आणि माझ्या दिवंगत धाकट्या भावाची बायको झुमरद, या दोघी जावा आमच्या रिश्तान गावात एकाच अंगणात राहतात. मध्ये मातीची बुटकी भिंत आहे. एवढी वर्षं त्या भिंतीवरून वाडगे जायचे आणि भरलेले परत यायचे. या वसंतात वाडगे थांबले.

याला कारण नफोसत. आमच्या मोहल्ल्यातल्या शाळेत ही तरुण मुलगी इंग्रजी शिकवते. पुस्तकातलं इंग्रजी मुली शाळेच्या फाटकापर्यंतच नेतात, पण हातानं केलेलं विसरत नाहीत, असं तिचं म्हणणं. म्हणून तिनं शिकवणी स्वयंपाकघरात नेली. कांदा चिरताना काय करतोय ते इंग्रजीत बोलायचं, कणीक मळतानाही बोलायचं. हात थांबला तर चालेल, तोंड थांबता कामा नये. जी थांबेल तिनं पुन्हा पालेभाजी निवडायला बसायचं. त्यासाठी नफोसतला लांब टेबल हवं होतं. ते झुमरदकडे आहे. आम्ही जमिनीवर बसून करतो.

मुली झुमरदला उस्ताद म्हणायला लागल्या. आमची नात मुनीसासुद्धा.

"उस्ताद!" होसियत पुदिना इतक्या जोरात झटकत होती की पानं माझ्या टोपीवर पडली. "या घरात आली तेव्हा तिला उकळत्या पाण्यात मीठ किती टाकायचं ते माहीत नव्हतं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. नवरीचे हात पहिल्यांदा पिठात बुडवतात, तेसुद्धा मी बुडवले."

"मग ती नाही म्हणते का?"

"हो तरी कधी म्हणाली, अहो?"

मी टोपी झटकली.

मग बातमी आली. आमच्या गावची निळी भांडी बघायला परदेशी लोक येतात. त्यातले काही जण झुमरदकडे जेवायला येणार होते. मुली इंग्रजीत त्यांची सरबराई करणार आणि झुमरद स्वतः हिरवे सोमसे करून दाखवणार. पाटाच्या पाण्याच्या काठावर वसंतात जी रानभाजी उगवते, ती पुदिना, पालक आणि कांद्याबरोबर कणकेच्या पारीत भरायची आणि ते सोमसे तंदूरच्या आतल्या भिंतीला चिकटवून भाजायचे. होसियतचे हिरवे सोमसे खायला लोक पार मार्गिलान शहराहून येतात. म्हणजे यायचे.

"झालं," होसियत म्हणाली. "आता ते सोमसे तिचे म्हणून सात समुद्रांपलीकडे जाणार."

त्या संध्याकाळी तिनं मुनीसाला भाजी निवडायला जवळ बसवलं.

"मुनी, ‘तिला मी शिकवलं’ याला काय म्हणतात गं?"

"कुणाला, आजी?"

"कुणाला का असेना. सांग."

"आय टॉट हर."

होसियतनं ते कोंबड्यांना ऐकवलं, दूध घालणाऱ्या बाईला ऐकवलं. मी पाठ फिरवून झोपलो तर माझ्या पाठीला ऐकवलं. एवढ्यावर तिचं भागेना. पाहुणे काय विचारतील, तेही तिला कळायला हवं होतं, म्हणजे योग्य वेळी मध्ये पडता येईल.

"ते शेवटी विचारतात, तुम्हाला हे कोणी शिकवलं," मुनीसा म्हणाली. "मग आम्ही म्हणायचं, माझ्या आईनं. पाठच आहे तसा."

"आणि झुमरद काय म्हणते?"

"ती काहीच म्हणत नाही. म्हणते, पाहुणे आले की सांगीन."

होसियतचा हात भाजीतच राहिला. झुमरदची आई झुमरद पाळण्यात असतानाच गेली होती, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. "आईनं शिकवलं म्हणू दे तर खरी," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर तिच्या तोंडावर सांगते."

"अगं, पाहुण्यांसमोर?" मी म्हणालो.

"पाहुण्यांसमोरच."

तंदूर दोन्ही घरांत एकच, आणि तो आमच्या बाजूला. त्यामुळे पाहुण्यांना शेवटी आमच्याकडेच यावं लागलं. होसियतनं लग्नातला रुमाल बांधला आणि तंदूरजवळच्या चौथऱ्यावर चहाची किटली घेऊन ती पहाऱ्याला बसल्यासारखी बसली. झुमरद परात डोक्यावर घेऊन आली. मागून मुली, मागून पाहुणे. त्यांच्यात एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. सगळे प्रश्न त्याच विचारत होत्या.

झुमरदनं सोमशाचा तळ ओला केला, बाही वर ओढली, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि सोमसा भिंतीला चिकटवला. तोंड चालूच होतं. शब्द अडखळत होते, हात नव्हता. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. होसियतनं चहा पेल्यात ओतला, परत किटलीत ओतला, पुन्हा पेल्यात. चहा मुरावा म्हणून हे तीनदा करायचं असतं. तिनं किती वेळा केलं, मी मोजायचं सोडून दिलं.

मग त्या बाईंनी तो प्रश्न विचारला. होसियतला कळला. तिची मान ताठ झाली, त्यावरून मलाही कळला.

"माय मदर," झुमरद म्हणाली.

"खोटारडी!" होसियत उठलीच. हे आमच्या भाषेत होतं, पण आवाजाला भाषा लागत नाही. "कुठली आई? लाज नाही वाटत? त्या बिचारीला कबरीतून ओढून आणलीस ती माझं नाव घ्यायला नको म्हणून?"

पांढऱ्या केसांच्या बाई एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या. त्यांनी हळूच काहीतरी विचारलं. "त्या विचारतात, आई इथं आहे का," नफोसत पुटपुटली.

झुमरदनं कोपरापर्यंत पिठानं माखलेला हात उचलला आणि सरळ होसियतकडे दाखवला.

होसियतनं मागे वळून पाहिलं. मागे मीच होतो.

"मी?" ती म्हणाली. "मी तुझी आई? बाई गं, आठ वर्षांनी मोठी आहे मी तुझ्याहून! आठ!"

"मग काय सांगू, ओपा?" झुमरदचा चेहरा तंदूरच्या आचेनं आधीच लाल होता. ती हिला पहिल्या दिवसापासून ओपा म्हणते, आमच्याकडे थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. "आईनं करायचं ते सगळं तूच केलंस. ओरडलीससुद्धा आईसारखीच. मला त्या पाठात दुसरं कोणी बसवता येईना, म्हणून इतके दिवस मी गप्प होते."

एवढ्यात त्या बाई होसियतजवळ आल्या आणि तिचा हात धरून त्यांनी विचारलं, तुम्हीच का तिची आई. तिनं इतक्या कष्टानं घोटलेलं वाक्य शेवटी बाहेर पडलं, पण कोंबड्यांना ऐकवताना होता तो आवाज नव्हता.

"आय टॉट हर." मग बोट हलवत, "मदर, नो!"

पाहुणे हसले. मुली हसल्या. झुमरदसुद्धा, पिठाचा हात तोंडावर धरून.

"आता काढा ते, जळतील," होसियत म्हणाली आणि चिमटा ओढायला गेली.

"मी काढते, ओपा. माझा पाठ आहे."

"तंदूर माझा आहे."

चिमटा दोघींच्याही हातात राहिला. पहिला सोमसा राखेत पडला, तेव्हा कुठे झुमरदनं सोडला.

पुढच्या आठवड्यापासून नफोसत तंदूरच्या दिवशी मुलींना आमच्याकडे आणते. होसियत चौथऱ्यावर बसते, मुली तिला मोठी उस्ताद म्हणतात, आणि ती त्यांना चहा ओतायला लावून स्वतः शब्द शिकते. आमच्या घरात आता चमच्यालाही दोन नावं आहेत.

परवा झुमरद भिंतीशी आली. मी वेलीला आधार देत होतो.

"भावजी, मुनीसा सांगत होती, ओपा एका दिवसात दहा शब्द शिकते. खरं का?"

"खरं आहे."

"दहा?"

"कधी कधी बारा."

"मला नफोसत पाचच देते," ती म्हणाली. तिनं तिथल्या तिथे एप्रन सोडला, भिंतीवर टाकला आणि तरातरा नफोसतच्या घराकडे निघाली.