सायली गायली तेव्हा मी बंद होतो

मित्रांनो, दचकू नका, मी सध्या बंद आहे. मी एक जुना डिझेल जनरेटर आहे. मुक्काम केंदूर, मारुतरावांच्या मांडवाच्या सामानाशेजारी. माझ्यावर रोज एक कोंबडी येऊन बसते. ती मला डोंगर समजते. मी तिचा गैरसमज दूर केलेला नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्या वेळी आठ-दहा माणसं हजर होती आणि प्रत्येकाच्या हातात पाना होता. मारुतरावांनी मला घरी आणलं तेव्हा त्यांची सायली पाळण्यात होती. सायलीच्या आईनं, मालनबाईंनी, आम्हा दोघांना एकाच ताटानं ओवाळलं. "ही धाकटी आन् ह्यो थोरला," मारुतराव म्हणाले. वजनाच्या हिशोबानं ते खरंच होतं.

पुढं मी लग्नं उजळली, हरिनाम सप्ताह उजळले. तळेगाव ढमढेऱ्यापर्यंत माझं नाव झालं. एका लग्नात मी इतका जोरात चाललो, की मंगलाष्टका कुणालाच ऐकू आल्या नाहीत. ते जोडपं सुखात आहे.

मारुतराव कायम माझ्याशेजारी उभे असायचे. त्यामुळं सायली शाळेच्या गॅदरिंगला गायली, सप्ताहात गायली, ते सगळं त्यांनी पाहिलं; ऐकलं मात्र मलाच. घरी तिनं विचारलं की म्हणायचे, "लई भारी झालं." ती हसायची. तिला कळायचं.

मोठी झाल्यावर सायली पुण्याला गेली. तिथं तिला केडगावची अनुपमा भेटली. अनुपमा गिटार वाजवायची, सायली गायची. गाणी दोघींनीच रचलेली, आणि निजलेल्या बाळाशेजारी बसून म्हणावीत इतकी हळू. लोक तिकीट काढून ऐकायला यायचे. मागच्या हिवाळ्यात दोघींचा कार्यक्रम आमच्या शाळेच्या पटांगणात ठरला.

"आप्पा, जनरेटर नको. ल्हान स्पीकरवर भागंल," सायली म्हणाली.

"आन् ऐन टायमाला लाईट गेली म्हंजी? माझ्या लेकीचा कार्यक्रम आन् अंधार?"

"मग निदान तुम्ही तरी पुढं बसा. एकदा तरी ऐका मला."

"मी पुढं बसल्यावर ह्याला कोण बघंल?" त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. मला मान नाही, नाहीतर खाली घातली असती.

उन्हं कलली. पटांगणाच्या सगळ्या वायरी मलाच जोडलेल्या. दोघी स्टेजवर आल्या.

"आर्केष्ट्रा दोघींचाच? बाकीचे कुठं हायेत?" पुढं बसलेल्या कस्तुराबाईंनी विचारलं.

"मागच्या जीपनं येत्यात," मांडव बांधणारा दत्ता बिनधास्त म्हणाला.

मी जीव तोडून चाललो. मागच्या टोकाला मारुतराव आणि मी. आम्हाला सायलीचे फक्त ओठ हलताना दिसत होते. तिसऱ्या गाण्याला कस्तुराबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग शेजारणीनं. मग सगळ्या रांगेनं.

मारुतराव घाबरले. पुढून आलेल्या दत्ताला धरून ओरडले, "कोण गेलं रं?"

"कुणी न्हाई गेलं, मामा! सायली तुमच्यावर गातीय! तुम्ही दमून जेवता जेवताच झोपता, आन् ती तुमच्या हातातली भाकर हळूच काढून घेती, आसं गाणं हाय!"

मारुतराव माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी माझी बंद करायची दांडी ओढली.

मी थांबलो. माईक गेला, दिवे गेले. "मारुतराव, डिझेल संपलं का?" कुणीतरी शिट्टी मारली. मारुतराव गर्दीतून वाट काढत गेले आणि पहिल्या रांगेत सतरंजीवर बसले.

"सायले, मला ऐकू आलं न्हाई," ते म्हणाले. "पयल्यापसनं म्हण."

सायली स्टेजच्या कडेला येऊन बसली. अनुपमा नुसतीच गिटार छेडत राहिली, तिनं घाई केली नाही. मग सायली गायली.

मित्रांनो, गाण्यांशेजारी माझी उभी हयात गेली, पण मी गाणं पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हा. कुणी खोकलंसुद्धा नाही.

गाणं संपलं. मारुतरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि विचारलं, "भाकर काढून घेतलीस, मग खाल्ली कुणी?"

"मीच खाल्ली, आप्पा."

"मग ठीक हाय," मारुतराव म्हणाले. "आता दुसरं म्हण."

मला परत चालू करायला त्या संध्याकाळी कुणी आलं नाही, आणि इतकं सुख मला कुठल्या सर्व्हिसिंगनंही दिलेलं नाही.

मित्रांनो, घरातल्या यंत्रांना वेळेवर तेल-पाणी करा. पण घरातलं कुणी हळू आवाजात काही सांगू लागलं, तर आम्हाला खुशाल बंद करा. आम्हाला राग येत नाही. ऐकायचं आम्हालाही असतं.