घोडी आणा रे

मोटारी नव्या होत्या तेव्हा आयोवातल्या आमच्या गावात बाबा एकटेच पोलीस होते, आणि तेही घोडीवर. नगरपालिका घोडी विकायला निघाली होती. त्यातच डॉक्टर लिंडक्विस्टांची मोटार चोरीला गेली.

“पोचशील रे ऑर्विल, नाताळापर्यंत!” न्हावी बाबांना बघून ओरडला.

बाबा चाकांच्या खुणांमागे दुडक्या चालीने निघाले. नदीपाशी मोटार चिखलात रुतली होती. चोर काकुळतीने म्हणाला, “साहेब, जरा घोडी जुंपता का?”

“जुंपतो की. पण तोंड चौकीकडे राहील.”

घोडी विकली गेली नाही.

काल बाबांची शवपेटी नेणारी मोटार त्याच चिखलात रुतली. म्हातारा न्हावी पुटपुटला, “घोडी आणा रे.”

आम्ही सगळे हसलो. मग मला रडू फुटलं.