टाचेखालची वीट

मित्रांनो, भिंतीत बसलेल्या विटेला निदान शेजार तरी असतो. मला तोही नाही. औंधच्या पलीकडं, डोंगरातल्या एका लहानशा गावात, आकारामच्या चुलीजवळ काळी पडून बसलेली जुनी वीट ती मीच. घर बांधायला म्हणून जन्मले आणि सगळं आयुष्य एका माणसाच्या टाचेखाली काढलं. हसू नका. टाचेखालूनही माणूस पुष्कळ कळतो.

माझी माती कृष्णाकाठची. रहिमतपूरजवळच्या भट्टीवर शालूबाईनं मला साच्यात थापलं. भाजून निघाले तेव्हा तिनं बोटानं वाजवून पाहिलं आणि म्हणाली, "खणखणीत हाय गं बाय!" आयुष्यातलं ते माझं पहिलं कौतुक. त्या कौतुकानं मी इतकी फुगले की बैलगाडीत सगळ्यांच्या वर जाऊन बसले, आणि औंधच्या पुढच्या चढावर चाक खड्ड्यात गेलं तशी सगळ्यांत आधी मीच खाली पडले. गाडीवानाला पत्ताही नव्हता.

त्याच वाटेनं आकाराम रोज पळत जायचा. तो टपालाचा हरकारा होता. सकाळी गावची पिशवी घेऊन सहा मैल औंधला उतरायचं, मोटारीनं आलेली पिशवी खांद्यावर टाकायची आणि घुंगरांची काठी वाजवत पुन्हा डोंगर चढायचा. वीस वर्षं त्याचं हेच चाललं होतं. त्या दिवशी तो मला ठेचकाळला. अंगठा फुटला. त्यानं मला दोन सणसणीत शिव्या दिल्या, उचललं, दरीत भिरकावणार एवढ्यात त्याला काहीतरी आठवलं आणि त्यानं मला पिशवीवर ठेवलं. अशी मी सरकारी टपालाबरोबर गावात आले.

"आवं, ही काय डाक आणली?" त्याची बायको बनुबाई म्हणाली.

"टाच शेकायला हुईल," आकाराम म्हणाला.

त्याची उजवी टाच सहा महिने दुखत होती. पहाटे अंथरुणातून पहिलं पाऊल टाकलं की आत बाभळीचा काटा मोडल्यासारखं व्हायचं. भिंत धरून तो मोरीपर्यंत जायचा. मैलभर पळालं की पाय तापून दुखणं जरा दबायचं, आणि घटकाभर टेकलं की दुप्पट होऊन परत यायचं. म्हणून तो टेकतच नसे.

त्या दिवसापासून माझी नोकरी सुरू झाली. दिवेलागणीला बनुबाई मला निखाऱ्यावर तापवायची, वर तेल लावलेलं रुईचं पान ठेवायची आणि आकाराम हळूच टाच टेकवायचा. पहिल्या चटक्याला "स्स्" करायचा, मग डोळे मिटायचा. ते मिटलेले डोळे पाहिले की मला वाटायचं, देवळाच्या पायरीत बसले असते तरी याहून मोठा मान मिळाला नसता.

वैद्य विष्णुपंत औंधला असत. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "तीन महिने पळणं बंद. नाहीतर पाय कायमचा जाईल." आकारामनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पिशवी उचलली. कारण पाय दुखतो हे मास्तरांना कळलं, की पिशवी अर्जुनाकडे जाणार. मधुकर मास्तर शाळा सांभाळून गावचं टपालही बघत. अर्जुना म्हणजे बदलीचा हरकारा, चांगला दोन लेकरांचा बाप. पण आकारामचा जीव नोकरीहून दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. त्याचा एकुलता एक मुलगा जोतिबा पलटणीत होता. लढाईची वर्षं होती. "माज्या ल्येकाचं पत्र दुसऱ्याच्या खांद्यावरनं यायचं व्हय?" तो म्हणायचा. "त्ये मीच आणणार."

म्हणून नवराबायकोनं दुखणं लपवलं. वेशीजवळ आला की आकाराम सरळ पावलं टाकायचा, आणि उंबरा ओलांडला की लंगडायचा. हे मला आणि बनुबाईलाच ठाऊक होतं.

एका रविवारी दुखणं फारच चढलं. सोमवारची पिशवी नेहमी जड असते. बनुबाईनं बिब्बा काढला, तापवून त्याचं तेल टाचेवर टेकवलं.

"अजून लाव."

"आवं, उतंल."

"उतू दे. उद्या पळायचं हाय."

तिनं अजून लावलं. आणि त्यावर मला तापवून शेकही दिला. दोन औषधं एकदम केली तर गुण दुप्पट येईल, असं त्या दोघांना वाटलं. मला वाटून काय उपयोग, मला तोंड कुठं होतं? सकाळी टाच टरारून फुगली होती.

तरीही तो गेला. मास्तरांना एक निरोप धाडला असता, तर अर्जुना गेला असता. पण निरोप धाडला नाही. परतीच्या चढावर आकाराम बांधाबांधावर टेकत आला. तीनला यायची पिशवी दिवेलागणीनंतर पोहोचली. मास्तर कुलूप लावून शेजारच्या गावी घरी गेले होते. बंद पिशवी उशाशी घेऊन आकाराम झोपला.

मंगळवारी सकाळी मास्तरांनी पिशवी उघडली. त्यात जोतिबाचं पत्र होतं. पलटण कुठं चाललीय हे लिहायची मनाई असते, म्हणून त्यानं रजेवर निघालेल्या सोबत्याकडून ते चोरून टपालात टाकलं होतं. मास्तरांनी घरी येऊन ते वाचलं. आमची गाडी मिरजेकडं चाललीय, मंगळवारी सकाळी नऊला रहिमतपूर स्टेशनात पाण्यासाठी थांबेल, आईला घेऊन या, तिच्या हातची एक भाकरी आणा.

तेव्हा आठ वाजले होते. स्टेशन अठरा मैलांवर.

बनुबाईनं परातीत पीठ घेतलं. आणि आकाराम पळाला, मित्रांनो. त्या टाचेवर पळाला. औंधच्या अलीकडं ओढ्यात पडलेला सापडला. कुणाच्या तरी गाडीतून त्याला घरी आणलं तेव्हा ती भाकरी तव्याशेजारी तशीच होती. दिवसभर तिच्याकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.

पुढच्या वर्षी सरकारी कागद आला. जोतिबा ब्रह्मदेशात पडला होता. तो कागद अर्जुनानं आणला, कारण आकारामची पिशवी सुटली होती. अर्जुनानं घुंगरं न वाजवता दारात काठी खाली ठेवली. तेव्हाच घराला कळलं.

आकारामनं त्यानंतर माझ्यावर पाय ठेवला नाही. बनुबाई रोज मला तापवायची, पान ठेवायची, पुढं सरकवायची. "दुखू दे टाचेला," तो म्हणायचा. "तिनंच घात क्येला." मी तापायचे आणि तशीच गार व्हायचे. अशी पाच वर्षं गेली. तापूनही कुणाच्या उपयोगी न पडण्यासारखं दुःख नाही.

मग एका संध्याकाळी अर्जुना पाणी प्यायला दारात थांबला. निघताना त्यानं चौकट धरली.

"काय झालं रं?" आकारामनं विचारलं.

"काय न्हाई, तात्या. ठ्येच लागली."

आकाराम त्याच्या पावलाकडं बघत राहिला. "मी बी ह्येच म्हणत हुतो," तो म्हणाला. "बस खाली. टाच दाव." मग आत बघून म्हणाला, "अगं, वीट आण."

बनुबाईनं मला तापवलं, वर पान ठेवलं आणि पुढं सरकवलं. अर्जुनाची टाच माझ्यावर टेकली, "स्स्" झालं, डोळे मिटले. आकाराम म्हणाला, "उद्या मास्तरला सांग. तू न्हाई सांगितलंस तर मी जाऊन सांगतो. पिशवी दुसरा आणंल, गड्या. पाय दुसरा आणत न्हाई."

अर्जुना गेला. मी अजून कोमट होते. आकारामनं बनुबाईकडं पाहिलं, आणि पाच वर्षांनी आपली टाच माझ्यावर ठेवली. या वेळी डोळे मिटले, तेव्हा त्यांतून पाणी आलं. बनुबाईनं त्याचा पाय हातानं दाबून धरला. त्या दिवसापासून मी पुन्हा कामावर आहे. दुखणं गेलेलं नाही, जाणारही नाही. जोतिबा तर नाहीच. पण आता ते दोघं बसून सोसतात.

मित्रांनो, मी साधी वीट. माझं एवढंच ऐका. तुमच्या घरात कुणी उंबऱ्याबाहेर सरळ चालत असेल आणि आत आल्यावर लंगडत असेल, तर त्याला विचारा. तो "काही नाही" म्हणेल. तेवढ्यावर उठू नका. खाली बसा आणि त्याची टाच हातात घ्या.