दोन खेपा

"मिस व्हर्ना, तोंडाकडे बघू नका. तोंडाकडे बघितलं की माणूस दिसतो. छातीकडे बघा."

खडीच्या जुन्या खाणीत रॉइस किम्ब्रेल पाय फाकवून उभा होता. समोर पुठ्ठ्याचा एक माणूस काठीला बांधला होता. त्याला तोंड काढलेलंच नव्हतं, छातीवर मात्र लाल रंगाचं बशीएवढं वर्तुळ होतं. व्हर्ना टॉलिव्हरनं दोन्ही हातांनी पिस्तूल उचललं, डोळे गच्च मिटले आणि चाप ओढला. गोळी भलतीकडेच, मातीच्या ढिगात गेली.

"डोळे उघडे ठेवायचे असतात," रॉइस म्हणाला.

"तुझ्या बापानं मला गल्ल्यावर बसवलं तेव्हा हे नव्हतं सांगितलं."

"बाबांच्या वेळी असली माणसं नव्हती."

"माणसं हीच होती रे. तू लहान होतास, म्हणून तुला दिसत नव्हती."

मागे पिकअपला टेकून हॉलिस पीक हसला. दातात काडी धरून हसायची त्याची सवय. रॉइसच्या खाद्य-बियाण्याच्या दुकानातली पोती उचलून गिऱ्हाइकांच्या गाड्यांत टाकायची, हे त्याचं काम. दोन पोती एकदम, एकेका खांद्यावर एक. त्याचं वयही व्हर्नाएवढंच, साठी उलटलेलं, पण ते काम दुसऱ्या कुणाला करू द्यायचा नाही.

आता रॉइसला हसणं सोपं आहे, आणि आमच्या गावानं नंतर ते पोटभर करून घेतलं. पण त्याची भीती काही खोटी नव्हती. हिवाळ्यात हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर दोन पोरांनी गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याचं डोकं हातोड्यानं फोडलं. रॉइस तिथं पेट्रोल भरायला गेला होता. म्हातारा फरशीवर पडला होता आणि एक डोळा उघडा होता, एवढंच तो सांगायचा. पुढचं सांगायचा नाही. त्यानंतर त्यानं पिस्तुलं विकत आणली आणि नियम काढला: दुकानात पाय ठेवायचा तर अंगावर हत्यार हवं. हत्यार नाही तर नोकरी नाही. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, दुसरं काय.

आर्कान्सामधल्या आमच्या डोंगरात बंदूक ही काही नवलाई नाही. हरणासाठी, सापासाठी, पिसाळलेल्या कुत्र्यासाठी ती प्रत्येक गाडीत असते. पण कोंबड्यांचं खाद्य मोजताना कमरेला पिस्तूल, हे आम्हाला नवीन होतं. गल्ल्याखालच्या ड्रॉवरमध्ये रॉइसच्या बापाच्या काळापासून बिस्किटं असायची, गिऱ्हाइकांच्या कुत्र्यांसाठी. रॉइसनं ती काढून तिथं पिस्तूल ठेवलं. व्हर्नानं बिस्किटं मुकाट्यानं आपल्या ॲप्रनच्या खिशात भरली. रोज सकाळी हॉलिसच्या पिकअपमधून त्याचा कुत्रा जेब खिडकीबाहेर थोबाड काढायचा, त्याला त्यातलं एक ठरलेलं.

"मी नाही वागवणार ते लोखंड," हॉलिसनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "फौजेत वागवायचं तेवढं वागवलं. शिवाय मी दिवसभर वाकतो. कुठं खुपलं आणि उडालं म्हणजे?"

त्याला काढायची रॉइसची छाती झाली नाही, कारण मग पोती कोण उचलणार? व्हर्नाला मात्र नाही म्हणणं परवडणारं नव्हतं. तिला साखरेचा आजार. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली; 'मिस' म्हणजे आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मारायची आदराची हाक. नोकरी गेली की विमा गेला, आणि विमा गेला की पोटात टोचायची सुई गेली. आमच्याकडे माणूस असा दोरीला दोरी बांधून जगतो.

पण दुकानाचं पिस्तूल तिला जड जायचं. बोटं सुजलेली, त्यांना तो खटका मागे ओढवत नसे. एक दिवस ती नवऱ्याचं छोटं जुनं रिव्हॉल्व्हर घेऊन आली. रॉइस फोनवर होता, ओट्सच्या भावावरून कुणाशी तरी भांडत होता.

"रॉइस, हे चालेल का? हे मला ओढता येतं."

"काहीही चालेल, मिस व्हर्ना," त्यानं फोनवर हात ठेवून सांगितलं. "अंगावर असल्याशी कारण."

तेव्हापासून रिव्हॉल्व्हर ॲप्रनच्या खिशात, बिस्किटांच्या चुऱ्यात. दुकानाचं पिस्तूल ड्रॉवरमध्येच पडून राहिलं.

मार्चमध्ये पिल्लं आली. दरवर्षी येतात. पत्र्याच्या लांबट टाक्यांत पिवळी पिल्लं, वर लाल दिवे, आणि दुकानभर न थांबणारी चिवचिव. त्याच दिवसांत रॉइसच्या डोक्यात आलं की आपल्या माणसांची परीक्षा घ्यावी. न सांगता.

"तू पिस्तूल वापरत नाहीस ना? मग चोर तरी हो," तो हॉलिसला म्हणाला. हे सगळं नंतर रॉइसनंच शेरीफच्या माणसाला रडत रडत सांगितलं, आणि शेरीफच्या माणसानं गावाला.

"व्हर्ना घाबरेल," हॉलिस म्हणाला.

"घाबरायलाच हवी. त्याशिवाय कळणार कसं?"

"आणि गोळ्या?"

"सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मी स्वतः काढीन. एकेक पिस्तूल उघडून."

आणि त्यानं खरंच काढल्या. बियाण्याच्या काउंटरवरच्या टॅनरच्या पिस्तुलातल्या काढल्या, व्हर्नाच्या ड्रॉवरमधल्या पिस्तुलातल्याही काढल्या. फोनवर हात ठेवून आपण काय परवानगी दिली होती, ते त्याच्या डोक्यातून पार गेलं होतं.

हॉलिसनं आदल्या दिवशी व्हर्नाला थाप मारली होती, की उद्या दाताच्या डॉक्टरकडे जायचंय.

"काड्या चावून चावून दात गेला, मेल्या," ती म्हणाली होती. "उपटून टाक एकदाचा."

"उपटतो. जेबचं बिस्किट तेवढं राखून ठेव."

सकाळचं ऊन दारातून आत आलं होतं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. नव्हतं म्हणजे रॉइस बाहेर उभा राहून कुणाला आत सोडत नव्हता. व्हर्ना टाकीतली मेलेली पिल्लं वेचून काढत होती; रोज एखाददुसरं असतंच. तेवढ्यात मागचं दार धाडकन भिंतीवर आपटलं आणि एक माणूस आत घुसला. अंगात शिकारीचा जाड कोट, तोंडावर डोळ्यांपुरती भोकं असलेली माकडटोपी, हातात दुनळी बंदूक.

"खाली! खाली पडा सगळे!"

आवाज घोगरा काढलेला. त्यानं जाता जाता खिळ्यांचं फडताळ ढकललं, ते कोसळलं आणि खिळे फरशीभर उधळले. टॅनरची कॉलर धरून त्यानं त्याला काउंटरवर आडवा केला, त्याचं कपाळ लाकडावर आपटलं आणि भुवईतून रक्त आलं. चांगलं खरं वाटलं पाहिजे, असं रॉइसनं बजावलं होतं. टॅनरनं धडपडत कमरेचं पिस्तूल काढलं, त्या माणसाच्या पोटाला लावलं आणि चाप ओढला.

नुसतं खट् झालं.

परत ओढला. परत खट्.

माकडटोपीच्या आत तो माणूस हसला. मग वळला, आणि त्याला व्हर्ना दिसली. टाकीपाशी उभी, एका हातात मेलेलं पिल्लू, तोंड पांढरंफटक. त्याचं हसणं थांबलं. बंदूक त्यानं खाली केली, मोकळा हात वर नेला आणि माकडटोपी हनुवटीपासून धरून वर ओढू लागला. टॅनरला दिसलं. पांढरे खुंट दिसले, ओठ दिसले, ओठांत धरलेली काडी दिसली. टॅनर ओरडला, "मिस व्हर्ना, नको!"

पण व्हर्ना तोंडाकडे बघतच नव्हती. तिनं डोळे सताड उघडे ठेवले होते आणि ती छातीकडे बघत होती. तिला हात वर गेलेला दिसला. तिनं खिशातून रिव्हॉल्व्हर काढलं आणि दोनदा झाडलं.

पहिली गोळी कोटाच्या दुसऱ्या बटणाखाली लागली. दुसरी टाकीच्या पत्र्यातून आरपार गेली. हॉलिस मागे खाद्याच्या पोत्यांवर आदळला, एक पोतं फाटलं, आणि तो मक्याच्या भरड्यात बसल्यासारखा घसरत खाली आला. त्याच्या हातातल्या बंदुकीचा धक्का लागून टाकी कलंडली आणि पिल्लं बाहेर पडून सैरावैरा धावू लागली. लाल दिवा फुटून ठिणग्या उडत होत्या.

माकडटोपी त्याच्या नाकापर्यंत आली होती. व्हर्नानं जवळ जाऊन ती पूर्ण काढली, तेव्हा तिला कळलं.

तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो रस्त्यापलीकडच्या न्हाव्याच्या दुकानात ऐकू आला. मी तिथं खुर्चीत होतो. मला वाटलं, एखादं जनावर गाडीखाली आलं.

मी पळत पोचलो तेव्हा ॲप्रनचा बोळा करून ती त्याच्या छातीवर दाबत होती आणि बोटांमधून रक्त भसाभसा येत होतं. भरड्यात ते झिरपत होतं आणि पिल्लं त्या ओल्या भरड्यात चोच मारत होती. रॉइस दारात उभा होता आणि त्याचे हात वर होते, कुणीतरी त्याच्यावरच बंदूक रोखल्यासारखे.

"व्हर्ना," हॉलिस म्हणाला. "रिकामी आहेत म्हणाला होता तो."

"बोलू नकोस. बोलू नकोस, हॉलिस."

"सगळी रिकामी म्हणाला."

त्यापुढे तो बोलला नाही. रुग्णवाहिका डोंगराच्या पलीकडून यायची होती. आली तेव्हा घाई करायचं कारण उरलं नव्हतं.

खटला कुणावरच झाला नाही. तोंड झाकलेला माणूस, हातात बंदूक, समोर नोकर बाई. कायद्याच्या दृष्टीनं तिचं काही चुकलं नव्हतं. रिव्हॉल्व्हरच्या परवानगीचं विचारलं तेव्हा रॉइस म्हणाला, "दिली असेन. आठवत नाही." आमच्याकडे मयत झालं की शेजारच्या बायका भांडं भरून जेवण नेतात. त्या आठवड्यात बायकांना पेच पडला, व्हर्नाकडे न्यायचं की नाही. शेवटी आर्डिथकडे, म्हणजे हॉलिसच्या बायकोकडे, आणि व्हर्नाकडे एकाच भट्टीतलं जेवण गेलं. व्हर्नानं ते तसंच भांड्यासकट परत केलं. दफनाच्या वेळी ती रस्त्यापलीकडे गाडीत बसून होती. उतरली नाही. पुढच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर एकानं तिचा हात हातात घेऊन सांगितलं, "तू करायला हवं तेच केलंस." मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

तो पोरगा टॅनर तेवढा माणसासारखा बोलला. "मिस व्हर्ना, मीपण ओढला होता. दोनदा. माझ्यात गोळ्या नव्हत्या एवढंच."

"तुला तोंड दिसलं नव्हतं तेव्हा," ती म्हणाली. "मला दिसलं असतं. मी बघितलंच नाही."

सुई चुकवता येत नाही, म्हणून ती कामावर परत आली. रिव्हॉल्व्हर शेरीफकडे जमा होतं. रॉइसनं तिच्या हाताला बसेल असं नवं छोटं पिस्तूल आणि कमरेचा पट्टा काउंटरवर ठेवला. रॉइस वाळला होता. दाढी वाढली होती.

"तू अजून हे चालू ठेवणार?" तिनं विचारलं.

"आता नियम मागे घेतला तर लोक म्हणतील हॉलिस फुकट गेला."

व्हर्नानं पिस्तूल पट्ट्यात खोचलं. मग तिनं पट्टा बांधला. माझ्या डोळ्यांसमोर बांधला. मी मीठ घ्यायला गेलो होतो.

आणि मे महिन्यात एक दिवस हॉलिसचा पिकअप दुकानासमोर येऊन थांबला. खिडकीतून जेबनं थोबाड काढलं होतं. खाली उतरली ती आर्डिथ. पंचक्रोशीत खाद्याचं दुसरं दुकान नाही. कोंबड्यांना काही ते सांगून कळत नाही.

ती काउंटरपाशी आली आणि व्हर्नाच्या कमरेच्या पट्ट्याकडे बघत म्हणाली, "अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य. दोन पोती."

टॅनर पुढे झाला.

"थांब," व्हर्ना म्हणाली.

तिनं पट्ट्याचं बक्कल सोडलं. सुजलेल्या बोटांनी वेळ लागला. पिस्तुलासकट पट्टा तिनं काउंटरवर ठेवला आणि तो ऑफिसच्या दारात उभ्या असलेल्या रॉइसकडे सरकवला.

"मिस व्हर्ना, ते काढून चालणार नाही. नियम तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग पुढचंही माहीत आहे."

"तेही माहीत आहे, बाळा."

तिनं वाकून पोतं पोटाशी कवटाळलं. पहिल्या झटक्यात ते हललंच नाही. दुसऱ्यांदा उचललं गेलं. पाय घासत, धापा टाकत ती दारातून उन्हात गेली. आर्डिथ आधीच पिकअपपाशी जाऊन उभी होती. मागचा फाळका बंद होता. व्हर्नाचे दोन्ही हात पोत्यात अडकलेले. ती तशीच उभी राहिली. आर्डिथ हलली नाही.

"तो दोन एकदम न्यायचा," आर्डिथ म्हणाली.

व्हर्नानं मान वर केली आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं. पाहतच राहिली.

"मला एकच जमतं," ती म्हणाली.

आर्डिथनं कडी काढली आणि फाळका खाली पाडला.

"मग दोन खेपा घाल."

व्हर्नानं पोतं आत लोटलं, ॲप्रनला हात पुसले आणि दुसरं आणायला वळली.